फुंडेजींच्या घरातल्या चार पायऱ्या

भिलाईत उतार नाही असं सगळ्यांना वाटतं. इथे चाळीस वर्षं काढलेल्या माणसालाही वाटतं. पोळपाटासारखं सपाट गाव, सायकल मारताना दम लागत नाही, असं म्हणत म्हणत हीच माणसं एक दिवस रिसालीच्या पुढे तळ्याकाठचा प्लॉट घेतात आणि कागद घेऊन माझ्याकडे येतात. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला मुरूम काढून काढून खोल गेलेली जमीन, आणि मध्ये हा उतार. घेताना तो कुणाला दिसत नाही, कारण बेशरमाची झुडपं माजलेली असतात आणि दलाल रस्त्यावरूनच हात दाखवून प्लॉट दाखवतो. साधी चार पावलं आत जाऊन यावं, एवढंही या लोकांना सुचत नाही. भाजी घेताना मात्र प्रत्येक वांगं उलटून पाहतात.

एकतीस वर्षं मी या गावात घरांचे नकाशे काढले. इंजिनियर नाही, आर्किटेक्ट तर नाहीच. आयटीआयचा ड्राफ्ट्समन, नकाशे काढायचं लायसन्स आणि दोन टेबलांचं ऑफिस. आता रेघ सरळ येत नाही म्हणून बंद केलं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘काही गमतीदार अनुभव लिहा’ असा निरोप पाठवला. गमतीदार अनुभव मला आले नाहीत. मूर्ख माणसं भेटली, ती सांगतो. त्यातला शेवटचा मूर्ख मी स्वतः आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

उतारावरच्या घराचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं अवघड नसतं. आधी जमीन किती पडते ते मोजायचं. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक रस्त्याशी, पाणी तिथल्या जमिनीच्या बरोबरीला येईल असं, एक टोक मागच्या खुंटाशी. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर उभं राहतं, आणि खुंटाशी ते जमिनीपासून किती वर आहे, तेवढा तुमचा उतार. मग रस्ते तीनच. भराव घालून सगळं सपाट करा, नाहीतर वरची जमीन कापा, नाहीतर घरालाच टप्पे द्या, म्हणजे पुढच्या खोल्या वर आणि मागच्या दोन-चार पायऱ्या खाली. भराव घातला तर चांगला मुरूम हवा, सहा-सहा इंचांचे थर हवेत, प्रत्येक थराला पाणी आणि वरून ठोकायला धुमस हवी, आणि बाहेरून भक्कम भिंत हवी. हे कुणाला नको असतं. लोकांना ट्रक उलटा करून मोकळं व्हायचं असतं.

एका साहेबांनी स्वस्तात मिळतो म्हणून इथल्या कारखान्यात पोलाद गाळल्यावर उरणारा स्लॅग भरावात टाकला. मी नको म्हणालो. तो स्लॅग पाणी प्यायला की फुगतो, हे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असायला हवं. साहेबांची उभी नोकरी त्याच्या शेजारी गेलेली, पण त्यांनी मलाच लोखंडाबद्दल तासभर ऐकवलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या हॉलची फरशी मध्ये वर आली आणि देवघराचं दार लागेना. त्यांनी फरशीवाल्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या एका गृहस्थाच्या प्लॉटचा उतार नैऋत्येला जात होता. वास्तुवाल्याने सांगितलं, हा उतार ईशान्येला पाहिजे. हे गृहस्थ मला गंभीरपणे विचारतात, उतार फिरवून मिळेल का? मी म्हणालो, मिळेल, तळ्याला विचारून सांगतो. ते पुन्हा आले नाहीत.

पण माझी खरी तिडीक होती ती क्वार्टरवाल्यांवर. माणूस तीस-पस्तीस वर्षं कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये राहतो. तिथल्या गळक्या छताला, अरुंद स्वयंपाकघराला रोज नावं ठेवतो. रिटायर झाला, क्वार्टर सोडायची वेळ आली, हाती पैसा आला, की स्वतःचं घर बांधायला निघतो आणि मला सांगतो, क्वार्टरसारखंच काढा. तीच पुढची खोली, तीच आतली, तोच व्हरांडा. फार तर वर एक जिना. डोक्यातच क्वार्टर अलॉट झालेली. अशांना मी ऑफिसात सरळ ‘खोकेवाले’ म्हणायचो, त्यांच्या तोंडावरसुद्धा.

मनोहर फुंडे असेच खोकेवाले म्हणून आले. मूळ भंडाऱ्याकडचं शेतकरी घराणं, प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर, सेक्टर दोनमध्ये एकाच क्वार्टरमध्ये अठ्ठावीस वर्षं. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. सोबत मुलगा नितीन, हैदराबादला कंपनीत. त्याचं लग्न जुळवणं चालू होतं आणि लग्नाआधी घर उभं व्हावं असा बेत होता.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मला कथा रंगवायची नाही. फुंडेजींच्या बायकोचे, सुशीलाबाईंचे, डोळे जात होते. आतला पडदा सुकत चाललेला, औषध नाही, रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन-तीन वर्षांत सगळं जाईल. हे फक्त नवरा-बायकोला माहीत होतं. मुलाला त्यांनी ‘आईला चष्मा लागला’ एवढंच सांगितलेलं. बाहेर फुटलं असतं तर मुलीकडच्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता की हे रक्तात आहे का. आणि बाई क्वार्टरमध्ये इतक्या सहज वावरायच्या की शेजारणींनाही पत्ता नव्हता. अठ्ठावीस वर्षांत ते घर त्यांच्या पायांत बसलं होतं. ते घर सुटणार होतं. म्हणून फुंडेजींना तेच घर हवं होतं, जसंच्या तसं, म्हणजे पूर्ण अंधार झाल्यावरही ती बाई आपल्या घरात कुणाचा हात न धरता चालेल. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. एकतीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला किती खोल्या, किती बजेट, गाडी आहे का, एवढं विचारायचो आणि पुढचं मला कळतं असं समजायचो.

दुसऱ्या खेपेला त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून आणला. रेघा सरळ, अंतरं नेमकी. क्रेनच्या केबिनमधून खाली इंचाइंचाने माल ठेवणारा माणूस तो. पण मापं फुटांत नव्हती, पावलांत होती. पलंगापासून उजवीकडे मोरीचं दार, सहा पावलं. मोरीपासून शेगडी, नऊ. शेगडीपासून मागचं दार, चार. मी तो कागद टेबलावर पसरला आणि ऑफिसातल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “फुंडेजी, हे पाऊल कुणाचं? तुमचं की वामनाचं?” सगळे हसले. नितीनही हसला. फुंडेजी म्हणाले, घरचंच आहे. ते बायकोच्या पावलांनी मोजलेलं होतं. क्वार्टरमध्ये तिला चालवून, मागे मागे फिरून, त्यांनी ते लिहून घेतलं होतं.

“मले असंच पायजे साहेब,” ते म्हणाले. “आतमंदी एकबी पायरी नोको.”

मधल्या दिवसांत प्लॉट मी पाहून आलो होतो. उतार मागच्या आणि उजव्या अंगाला, घराच्या लांबीत दोन फूट पडणारा. खाली तळं, पलीकडे अर्जुनाची झाडं. अशी जागा माझ्या हाताला वर्षानुवर्षं आली नव्हती. मी टप्प्यांचं घर काढलं होतं. पुढे बैठक आणि झोपायची खोली, मग चार पायऱ्या उतरून स्वयंपाकघर, जेवायची जागा आणि मोरी. वरचा स्लॅब मात्र एकाच पातळीत, त्यामुळे मागच्या खोल्या बारा फूट उंच, मोठ्या खिडक्या, आणि जेवताना समोर पाणी. त्या नकाशाच्या मी प्रेमात पडलो होतो, हे कबूल करतो. चार पायऱ्यांचं ते उतरणं मी सात वेळा खोडून पुन्हा काढलं होतं.

नितीनला चित्र दाखवताच तो खूष झाला. “अंकल, यही चाहिए. बाबा, लेव्हल्स किती भारी वाटते, पाहा तरी.” फुंडेजींनी पाहिलं. सुंदर आहे म्हणाले. मग पुन्हा विचारलं, भराव घालून सपाट नाही का होणार? होत होतं. खर्च थोडा वाढला असता, मेहनत वाढली असती, पण अशक्य त्यात काहीच नव्हतं. मला करायचं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की भराव खचतो, फरश्या फुटतात, उताराशी भांडू नये. हे सगळं खरं आहे, पण ते वाईट भरावाबद्दल खरं आहे, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही. वर म्हणालो, “अठ्ठावीस वर्षं खोक्यात राहिलात, आता तरी बाहेर या.” मुलासमोर म्हणालो. त्यांनी कॅलेंडरच्या कागदाची घडी घातली.

चार-पाच दिवसांनी ते एकटे आले. माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं, म्हणून बाकावर बराच वेळ टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. मग जवळ येऊन हळूच विचारलं की पायऱ्या अजूनही काढून टाकता येतील का. मी नकाशावरून मान वर न करता म्हटलं, “गुडघ्यांची काळजी आहे ना? कठडा लावून देतो.”

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “हो,” म्हणाले, “गुडघेच.”

मला वाटलं, जिंकलो.

घर झालं. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं घर. वास्तुशांतीला निम्मा सेक्टर दोन लोटला होता, बायका पायऱ्यांवर उभ्या राहून फोटो काढत होत्या. सुशीलाबाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून होत्या. नवी साडी, चष्मा, हसरा चेहरा. येणाऱ्याला आवाजावरून नावाने हाक मारत होत्या, पण दिवसभरात उठून मागे एकदाही गेल्या नाहीत. मी दोनदा म्हणालो, वहिनी, या, स्वयंपाकघरातून तळं दाखवतो. त्या म्हणाल्या, पाहीन नं भाऊ, आता तं इथंच राहाचं हाये. मला राग आला. एवढं घर बांधून दिलं आणि बाईला बघायची इच्छा नाही, असं मी घरी येऊन बायकोलाही सांगितलं. खोक्यातून माणूस निघतो पण खोकं माणसातून निघत नाही, असलं काहीतरी मोठं वाक्यही टाकलं.

पुढच्या वर्षी एका नव्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला म्हणून मी त्याला फुंडेजींच्या घरी घेऊन गेलो. न सांगता. दार उघडंच होतं. झोपायच्या खोलीतून पायऱ्यांपर्यंत भिंतीच्या कडेने एक निळी नायलॉनची दोरी ताणून बांधलेली, कमरेच्या उंचीवर. मला वाटलं कपडे वाळवायची. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, बघा, राजवाडा बांधून दिला तरी लोक त्यात दोरीच बांधतात. आणि पुढे गेलो तर वरच्या पायरीवर सुशीलाबाई बसलेल्या, मांडीत परात, मेथी निवडत होत्या. उजवं मनगट वाकडं जुळलेलं. आमचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली ती आमच्यापासून हातभर बाजूला. खाली स्वयंपाकघरात फुंडेजी पोळ्या लाटत होते.

ते हात पुसत वर आले. गिऱ्हाईक होतं म्हणून मी आधी लेव्हल्सबद्दलच बोलत राहिलो, तोंडाला सवय. फुंडेजींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दोरी तिच्यासाठी हाये साहेब. तिले दिसत नाई. आता पोराचं लगन झालं, लपवाचं काई नाई रायलं.”

मग सगळं कळलं. पहिल्या महिन्यातच ती पायऱ्यांवरून पडली, मनगट मोडलं. त्यानंतर तिने खाली उतरणं सोडलं. स्वयंपाक नवऱ्याकडे गेला. मोरी-संडास खालीच, त्यामुळे दिवसातून जितक्या वेळा जायचं तितक्या वेळा त्यांना हाक मारून, हात धरून. जी बाई अठ्ठावीस वर्षं पहाटे उठून शिफ्टवाल्याचा डबा करत होती, तिला मोरीत जायला माणूस लागत होता. मी काढून दिलेल्या पायऱ्यांमुळे. फुंडेजी यातलं काही आरोपासारखं बोलले नाहीत. क्रेनवर काय बिघडलं ते शिफ्ट बदलताना पुढच्याला सांगावं, तसं सांगितलं. मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगाले तं आलो होतो. मला तो बाक आठवला. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात मी कामाला लागलो. मागच्या खोल्या दोन फूट भरून पुढच्यांच्या बरोबरीला आणायच्या. स्लॅब एकाच पातळीत होता, म्हणून निदान डोकं आपटणार नव्हतं. मुरूम मी स्वतः खदानीवर जाऊन निवडला. सहा-सहा इंचांचे चार थर, प्रत्येकावर पाणी, प्रत्येकावर धुमस, आणि रोज सकाळपासून मी तिथे खुर्ची टाकून. ठेकेदार वैतागून म्हणाला, साहेब, किल्ला बनाना है क्या. ओटा मातीत गेला, नवा बांधला. दारं पाच फुटांची उरली, ती वरून फोडून उंच केली. खिडक्या मात्र हलवता आल्या नाहीत, भिंतीचा भार होता. त्या जमिनीपासून फूटभर उंचीवर आल्या. आता तळं बघायचं तर खाली बसावं लागतं.

दिसायला ते घर आज भयंकर आहे. नव्या पोरांच्या ऑफिसांत त्याचा फोटो फिरतो म्हणे. एकदा चहाच्या टपरीवर दोन तरुण इंजिनियर त्या खिडक्यांवर हसत होते. हा नकाशा कोणत्या गाढवाने काढला असेल, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, मी. त्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मी जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना ज्या आवाजात हसलो, तोच आवाज होता, ओळखता आला.

काम संपल्यावर महिनाभराने मी बघायला गेलो. बाईंना तोवर उजेड-अंधारही कळेनासा झाला होता. पण त्या चालत होत्या. पलंगापासून स्वयंपाकघर तेरा पावलं, ओठ न हलवता मोजत गेल्या, चहा टाकला, कप हातात आणून दिला. फुंडेजी खुर्चीवर बसून होते, उठले नाहीत, मुद्दाम. मला वाटलं, उशिरा का होईना, झालं. मी तर मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटायला निघालो होतो, सवय जात नाही.

मग त्या मोरीत जायला म्हणून पलंगावरून उठल्या आणि उजवीकडे वळल्या. सहा पावलं, झपझप, न मोजता. हात पुढे, आणि हात भिंतीला लागला. क्वार्टरमध्ये तिथे मोरीचं दार होतं. माझ्या नकाशात मोरी डाव्या अंगाला, मागे. त्या क्षणभर थांबल्या, भिंत चाचपली, मागे फिरल्या आणि मोजत मोजत दुसऱ्या बाजूने गेल्या. फरशी सपाट केली होती, घर तेच नव्हतं. त्या भिंतीवर हाताच्या उंचीला तेवढाच एक पट्टा मळलेला होता. रोजचा.

मी टेप काढली. परत आल्यावर त्यांना म्हणालो, “वहिनी, मी इथेच दार पाडतो. बाहेरून भराव घेतो, मोरी या बाजूला आणतो. सहा पावलांवर.”

त्या पलंगावर टेकल्या. राग नव्हता, थकवा होता. “नोको भाऊ,” त्या म्हणाल्या. “एक घर डोयानं पाठ केलं. हे हातानं करून राहिली. आता तिसरं कायनं करू?”

मी टेप गुंडाळून खिशात टाकली. फुंडेजी मला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि मी रस्त्याला लागेपर्यंत उभे राहिले.